काचेला फिल्म लावण्याआधी

कॅलिफोर्निया राज्याच्या हवा मंडळाने जून २००९ मध्ये मोटारींच्या काचांबद्दल एक नियम मंजूर केला. २०१२ पासूनच्या नव्या गाड्यांच्या काचा उन्हाची उष्णता बाहेरच्या बाहेर परतवणाऱ्या असाव्यात, म्हणजे एसी कमी लागेल, इंधन वाचेल आणि धूर घटेल, असा त्यामागचा विचार होता. हेतू चांगला होता. पण उष्णता परतवणारी त्या वेळची हुकमी काच म्हणजे धातूचा अतिसूक्ष्म थर दिलेली काच, आणि धातू जसा उष्णता परतवतो तशाच रेडिओलहरीही परतवतो. गाडीतल्या मोबाइलचे काय, जीपीएसचे काय, संकटात लावायच्या फोनचे काय, कैद्यांच्या घोट्याला बांधलेल्या माग काढणाऱ्या पट्ट्यांचे काय, असे प्रश्न उभे राहिले. मार्च २०१० मध्ये मंडळाने तो नियम सोडून दिला.

आपल्याकडे काळ्या काचांची चर्चा दोनच अंगांनी होते : ऊन किती अडते आणि पोलिस दंड किती करतात. गाडीच्या बाकीच्या यंत्रणांवर काय परिणाम होतो, हे विचारायचे राहूनच जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ते चालून जात असे. काचेचे काम वारा-पाऊस अडवणे आणि बाहेरचे दाखवणे एवढेच होते. आज पुढच्या काचेच्या आतल्या बाजूला फास्टॅग चिकटवलेला असतो, आरशामागे पावसाचा सेन्सर आणि रस्त्यावरचे पट्टे ओळखणारा कॅमेरा असतो. मागच्या काचेत डिफॉगरच्या तारा असतात, काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही तिथेच असते. काचेवर काहीही चढवले, तरी ते यांच्यापैकी कोणाच्या तरी वाटेत येते. म्हणून ‘फिल्म किती काळी?’ हा प्रश्न अपुरा आहे. फिल्म कशाची आहे आणि ती कोणत्या काचेवर लावायची आहे, हे आधी विचारायला हवे.

बाजारातल्या फिल्म स्थूलमानाने चार जातींच्या असतात. सगळ्यांत स्वस्त ती रंगवलेली. पॉलिएस्टरच्या पापुद्र्यात किंवा त्याच्या गोंदात रंग मिसळलेला असतो. तिने काच काळी दिसते, चकाकी कमी होते. उष्णतेला मात्र ती फारसा अटकाव करत नाही. काही उन्हाळ्यांत तिचा रंग विटतो. जुन्या गाड्यांच्या मागच्या काचेवर जांभळट झाक आणि फुगे दिसतात, ते हिचेच. दुसरी धातूची : अ‍ॅल्युमिनियम किंवा निकेल-क्रोमसारख्या धातूचा थर दिलेली, बाहेरून आरशासारखी चमकणारी. तिसरी कार्बनची. ती चमकत नाही आणि रंगाला टिकाऊ असते. चौथी सिरॅमिक, जिच्यात धातूंच्या ऑक्साइडसारख्या संयुगांचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कण सुटे असल्यामुळे धातूच्या अखंड पत्र्यासारखी भिंत तयार होत नाही, आणि रेडिओलहरींना वाट मिळते. याखेरीज प्लास्टिकचे शेकडो सूक्ष्म थर एकावर एक रचून, धातू अजिबात न वापरता उष्णता परतवणाऱ्या महाग फिल्मही आहेत. मात्र ‘सिरॅमिक’ हा शब्द रोलच्या खोक्यावर कोणीही छापू शकतो, हे ध्यानात असू द्या.

आता उष्णतेचे. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली साधारण निम्मी ऊर्जा डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असते, अतिनील किरणांचा वाटा थोड्या टक्क्यांचाच, आणि उरलेली ऊर्जा दृश्य प्रकाशात. त्यामुळे काळेपणा आणि गारवा यांचे नाते लोक समजतात तेवढे सरळ नाही. गडद रंगवलेली फिल्म प्रकाश अडवते आणि अवरक्त किरण बरेचसे आत सोडते. जवळजवळ पारदर्शक दिसणारी चांगली सिरॅमिक फिल्म तिच्यापेक्षा जास्त उष्णता रोखू शकते. दुकानात याचे प्रात्यक्षिक दाखवतात. लाल दिव्यासमोर फिल्म लावलेली काच धरतात आणि पलीकडे हात ठेवायला सांगतात. हाताला गार लागते, गिऱ्हाईक खूश होते. पण बऱ्याचशा फिल्म उष्णता परतवत नाहीत, शोषतात. काच स्वतः तापते आणि तापलेली काच काही वेळाने थोडी उष्णता आतही सोडते. धावत्या गाडीला वारा लागतो म्हणून ती बरीचशी बाहेर जाते, उभ्या गाडीत तसे होत नाही. दोन-तीन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कळत नाही. ‘नव्वद टक्के उष्णता अडवते’ हा दावाही बहुधा अवरक्त पट्ट्यातल्या एखाद्या सोयीच्या तुकड्यापुरता असतो. विचारायचा आकडा आहे तो एकूण सौर ऊर्जा अडवण्याचा, आणि तो नव्वदच्या आसपास कधीच नसतो.

एसीवरचा भार कमी होतो, हे खरे आहे. चैत्र-वैशाखातल्या दुपारी चौरस मीटरमागे सुमारे १००० वॅट ऊर्जा अंगावर येते. तिच्यातली काही काचेवरच अडली, तर कॉम्प्रेसरला तेवढे कमी काम. विजेवर चालणाऱ्या गाडीत एसी त्याच बॅटरीवर चालतो, म्हणून तिथे ही बचत पल्ल्यात दिसते. पण तीन-चार तास उन्हात बंद उभी राहिलेली गाडी फिल्म असली तरी तापतेच, कारण टप आणि पत्राही उष्णता आत सोडत असतात. फिल्म आहे म्हणून मुलाला किंवा कुत्र्याला बंद गाडीत ‘दोन मिनिटं’ ठेवून जाणे जिवावर बेतू शकते.

सगळ्यांत जास्त मनस्ताप होतो तो फास्टॅगचा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रातल्या राज्याच्या टोलनाक्यांवरही. या टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरचा रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडतो, त्याच लहरींतून टॅगला चालण्यापुरती ऊर्जा मिळते आणि त्याच लहरी थोड्या बदलून तो परत पाठवतो. म्हणजे संदेश काचेतून एकदा आत येतो आणि एकदा बाहेर जातो. मध्ये धातूची फिल्म असेल, तर लहर दोन्ही वेळा मार खाते. शिवाय टॅगची अँटेना साध्या काचेवर चिकटेल, असे धरून बेतलेली असते. तिच्या पाठीला धातूचा थर टेकला, की तिची जुळणीच बिघडते. मग रांग थांबते, कर्मचारी हातातला रीडर घेऊन येतो, मागून हॉर्न सुरू होतात. युरोपातल्या काही कंपन्या मुळातच उष्णतारोधक पुढची काच देतात. त्या काचेत टोलच्या यंत्रासाठी आरशाजवळ थर न दिलेला एक तुकडा मुद्दाम मोकळा ठेवतात. कारखान्याने जी काळजी घेतली, ती आपल्या गल्लीतल्या फिल्मवाल्याने घेतली आहे का, हे विचारायला हवे.

त्यावर लोकांनी काढलेला उपाय म्हणजे टॅग काचेला न चिकटवता हातात धरणे. तो मार्ग आता बंद होत आहे. काचेवर टॅग न लावणाऱ्यांकडून दुप्पट टोल घेण्याचे निर्देश राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये दिले, आणि जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे धोरणही जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये, टॅग चालला नाही तर रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट भरण्याचा नियम लागू झाला. नाक्याचे यंत्र बिघडले असेल तर वैध टॅगवाल्याला फुकट सोडण्याची तरतूद आहे. पण दोष आपल्या काचेचा असेल तर ती सवलत कशी मागणार? आणखी एक. टॅग एकदा काचेवरून सोलला की फाटतो, तो तसाच बनवलेला असतो. पुढच्या काचेला फिल्म लावायची तर जुना टॅग गेला, नवा घ्यावा लागणार, हा खर्च कोणी आधी सांगत नाही.

दिलासा एवढाच, की फास्टॅग पुढच्या काचेवर असतो. त्यामुळे फक्त बाजूच्या काचांना लावलेल्या फिल्मचा त्याला जवळपास त्रास नाही. मोबाइलचे तसे नाही. त्याच्या लहरी चारी बाजूंनी येतात. पत्र्याच्या टपाखाली सगळ्या काचांवर धातूची फिल्म असेल, तर गाडी लहरींपुरती बंद पेटीच होते. शहरात टॉवर जवळ असतात म्हणून जाणवत नाही. वरंधा किंवा आंबोलीच्या घाटात, जिथे मुळातच एखादी दांडी दिसते, तिथे फोन तुटतो. शिवाय संपर्क टिकवण्यासाठी फोन स्वतःची ताकद वाढवतो, म्हणून तापतो आणि बॅटरी लवकर संपते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत, त्यांचा संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अगदी क्षीण झालेला असतो. डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनला तो पुढच्या काचेतूनच मिळतो. गाडीच्या स्वतःच्या नकाशाची अँटेना टपावर असेल तर तिला काही होत नाही. रिमोट चावीचा पल्ला क्वचित थोडा कमी होतो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

पुढच्या काचेबद्दल मी जास्त आग्रही आहे. पावसाचा सेन्सर काचेत तिरकी अवरक्त किरणे सोडतो. काच कोरडी असेल तर ती बाहेरच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन सेन्सरकडे येतात, थेंब असेल तर बाहेर निसटतात, आणि किती निसटली यावरून वायपरचा वेग ठरतो. आता या सेन्सरच्या आणि काचेच्या मध्ये अवरक्त किरणे अडवण्यासाठीच बनवलेली फिल्म घातली, तर काय होणार? वायपर कोरड्या काचेवर घासतो किंवा मुसळधार पावसात स्वस्थ बसतो. आपोआप लागणाऱ्या दिव्यांचा प्रकाश-सेन्सर काचेआड असतो. काच गडद केली की त्याला संध्याकाळ लवकर झाल्यासारखे वाटते. काचेवर वेगाचे आकडे उमटवणारा डिस्प्ले असेल, तर फिल्ममुळे एकाच आकड्याच्या दोन प्रतिमा दिसू शकतात.

कॅमेऱ्याची बाब याहून गंभीर आहे. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आणि अ‍ॅस्टर या गाड्या आल्या, आणि लेन सुटली की सावध करणारी, पुढच्या गाडीवर आदळण्याआधी स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. तिचे रडार बंपरमध्ये किंवा जाळीमागे असते, त्याला फिल्मचे काही नाही. पण कॅमेरा आरशामागे काचेला भिडलेला असतो. काच बदलली तरी तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, इतका तो नाजूक. त्याच्यासमोर फिल्म, फिल्मची कड किंवा एखादा फुगा आला, तर दिवसा कदाचित काहीच कळणार नाही. रात्री, पावसात, पुसट झालेल्या पट्ट्यांच्या रस्त्यावर, म्हणजे जेव्हा त्याची खरी गरज असते तेव्हा, तो कमी पाहील. चांगले कारागीर कॅमेऱ्यापुरती फिल्म कापून काढतात. मला विचाराल तर पुढच्या काचेला हात लावूच नये. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते, आणि तो पापुद्रा अतिनील किरणे जवळपास सगळी अडवतो. त्वचेच्या काळजीपोटी तिथे फिल्म लावण्याचे कारणच उरत नाही.

मागच्या काचेवर वेगळे धोके आहेत. डिफॉगरच्या तारा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात आणि फिल्म त्यांच्यावरच चिकटते. लावताना सहसा काही बिघडत नाही, काढताना बिघडते. गोंदाबरोबर तार सोलली जाते, आणि एक तार तुटली की काचेवर तेवढा आडवा पट्टा धुकट राहतो. आषाढात खंडाळ्याच्या ढगात गाडी चालवणाऱ्याला त्या पट्ट्याची किंमत कळते. एफएमची अँटेना तिथेच असेल तर तिलाही हाच धोका. आणि ज्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, तो वरचा तिसरा ब्रेक दिवा. अनेक गाड्यांत तो मागच्या काचेच्या आत असतो. फिल्म त्याच्यावरून सरसकट ओढली, तर त्याचा प्रकाश फिल्ममधून गाळून बाहेर जातो. पन्नास टक्क्यांची फिल्म म्हणजे निम्मा दिवा. आपण ब्रेक लावल्याचे मागच्या चालकाला उशिरा कळते. फिल्म लावायचीच असेल, तर तेवढा चौकोन कापून घ्या.

बाजूच्या काचांवर सगळ्यांत मोठा प्रश्न दिसण्याचा आहे. कारखान्यातून येणारी हिरवट काचही सगळा प्रकाश आत सोडत नाही, आणि काच व फिल्म यांच्या टक्क्यांचा गुणाकार होतो. काच ८० टक्के प्रकाश सोडत असेल आणि फिल्म ६० टक्के, तर आत येतो ४८ टक्के, म्हणजे बाजूच्या काचांना कायद्याने लागणाऱ्या किमान ५० टक्क्यांपेक्षा कमी. ‘साठची फिल्म आहे, कायद्यात बसते’ म्हणणारा दुकानदार इथेच फसवतो, किंवा स्वतः फसलेला असतो. दोन्हीकडचे आरसे चालक याच काचांतून पाहतो. दिवसा निम्मा प्रकाश पुरतो. रात्री, बिनदिव्याच्या जिल्हा मार्गावर, दिवे न लावलेला ट्रॅक्टर किंवा कडेने चालणारी दिंडी त्या निम्म्या प्रकाशात ओळखावी लागते. वय वाढते तसे डोळ्याच्या पडद्यावर मुळातच कमी प्रकाश पोचतो. साठीतल्या चालकाने विशीतल्या मुलाच्या हौसेची फिल्म लावून रात्री गाडी चालवू नये. ब्रिटनमध्ये चालकाच्या शेजारच्या दोन्ही काचांना ७० टक्क्यांची मर्यादा आहे आणि मागच्या काचांना कसलीच नाही. मला ती विभागणी शहाणपणाची वाटते. आपला नियम बाजूच्या सगळ्या काचांना एकाच मापाने मोजतो.

काच फुटण्याबद्दल दोन्ही बाजू आहेत. बाजूची कडक काच फुटली की तिचे बारीक तुकडे होतात. फिल्म असेल तर ते एकत्र धरून राहतात, अंगावर उडत नाहीत, आणि काच फोडून बॅग पळवणाऱ्याला थोडा जास्त वेळ लागतो. पण तीच फिल्म आतून बाहेर पडणाऱ्यालाही अडवते. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, मुंबईत माणसे बंद गाड्यांत अडकून दगावली. पाण्यात विजेच्या काचा आणि लॉक चालेनासे होतात. अशा वेळी हातोडीने कोपऱ्यात घाव घातल्यावर फिल्म नसलेली काच कोसळते. फिल्म असलेली काच तडकून जागीच राहते आणि तिला पायाने पूर्ण बाहेर ढकलावे लागते. घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या, आणि हातोडी डिकीत नव्हे, हाताशी ठेवा.

कायदा कुठे उभा आहे तेही पाहू. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो, की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी, अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर, टक्केवारी कितीही असो, काचेवर काळी फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली. पोलिसांनी दंड करून फिल्म काढावी, असे सांगितले. पुढे नियम १०० मध्ये बदल झाला आणि १ एप्रिल २०२१ पासून त्यात सुरक्षा काचेबरोबर प्लास्टिकचा थर असलेल्या काचेलाही जागा मिळाली. त्याच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटले, की मानकांत बसणारी आणि प्रकाशाची मर्यादा पाळणारी फिल्म लावल्याबद्दल दंड करता येणार नाही. तो निकाल केरळचा आहे. मुंबई-पुण्याच्या चौकात तो दाखवून सुटका होईलच, असे धरून चालू नये. या गोंधळात कायदा पाळू पाहणाऱ्या ग्राहकाची कोंडी होते, आणि केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने एका स्पष्ट परिपत्रकाने ती फोडायला हवी.

शेवटी कारागिरीबद्दल. फिल्म साबणाच्या पाण्यावर बसवतात. ते पाणी दारातल्या स्पीकरमध्ये, काचेच्या बटणांत, डॅशबोर्डच्या फटींत जाते. आणि महिन्याने बटण बंद पडले की त्याचा फिल्मशी संबंध कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरून करून घेतलेल्या कामामुळे झालेले नुकसान सर्व्हिस सेंटर वॉरंटीत धरत नाही. म्हणून डॅशबोर्डवर आणि दारावर जाड टॉवेल पसरायला लावा, दाराच्या रबरातली माती आधी साफ करून घ्या, नाहीतर काच खाली-वर होताना फिल्मवर ओरखडे पडतात. लावल्यावर तीन-चार दिवस काचा उतरवू नका, पावसाळ्यात आणखी जास्त. अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रावण रंगवलेल्या फिल्मला मारक आहे.

दुकानात गेलात तर फिल्मची टक्केवारी विचारून थांबू नका. आपल्याच गाडीच्या काचेवर तुकडा धरून प्रकाशमापकाने दोन्हींचा मिळून आकडा मोजायला सांगा, धातू आहे की नाही हे पावतीवर लिहून घ्या, आणि एकूण सौर ऊर्जेचा आकडा कंपनीच्या कागदावर पाहा. तो कागद दाखवता येत नसेल तर फिल्म घेऊ नका. पुढची काच कोरीच ठेवा. बाजूला लावायची असेल तर धातू नसलेली आणि काचेसह पन्नासच्या वर राहणारीच लावा. आणि तुम्ही रात्री जास्त चालवत असाल, तर चालकाशेजारच्या दोन काचा तशाच सोडा.